परदेशात शिकवायचंय? सुरुवात जुन्या कॉलेजच्या खिडकीपासून

माझ्या बीएस्सीच्या पदवीला वडिलांनी लॅमिनेशन करून आणलं होतं. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून, जाड प्लॅस्टिकमध्ये, चारही कडा नीट कापून. "आता शंभर वर्षं काही होत नाही," म्हणाले. २०१६ मध्ये मस्कतच्या एका शाळेचं पत्र आलं तेव्हा कळलं, की पदवीच्या पाठीवर शिक्का आणि स्टिकर लागल्याशिवाय तिकडे तिला किंमत नाही, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. एजंट म्हणाला, इस्त्री फिरवा, प्लॅस्टिक सुटतं. माझी हिंमत झाली नाही. विद्यापीठातून पदवीची दुसरी प्रत काढली, त्यात सात आठवडे गेले. शाळा थांबली म्हणून निभावलं.

तेव्हापासून कुणी विचारलं की "मॅडम, बाहेर शिकवायला जायचं तर काय करायचं?", मी आधी विचारते, पदवीचं लॅमिनेशन केलंय का? समोरच्याला वाटतं मी चेष्टा करतेय.

मी सेमी-इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे. मग सात वर्षं मस्कत, २०२३ पासून इंग्लंडमधली माध्यमिक शाळा, आणि आता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोठ्या माणसांचा गणिताचा वर्ग. बी.एड. आणि थोडा अनुभव गाठीशी असलेल्या, पण पासपोर्टवर अजून एकही शिक्का नसलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: कागद, आणि तेही वर्षभर आधी

नोकरी शोधायच्या आधी कागद गोळा करा. सगळे नेमके उलटं करतात. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, बी.एड.ची पदवी, आणि विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा अधिकृत कागद. तो आपल्याकडे आपोआप मिळत नाही, परीक्षा विभागात अर्ज करून काढावा लागतो. काही ठिकाणी तो विद्यापीठाने बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून द्यावा लागतो. ते पाकीट घरी "जरा बघू" म्हणून उघडलंत, की पुन्हा रांगेत.

बी.एड. २०१५ नंतर दोन वर्षांचं झालं, त्याआधी एक वर्षाचं होतं. तुमचं जुनं असेल तर कॉलेजकडून अभ्यासक्रमाचा तपशील आणि सराव पाठ किती घेतले याचं पत्र मागून ठेवा. टाचणवही रद्दीत घालू नका. मला ती इंग्लंडला उपयोगी पडली, कागद म्हणून नव्हे, मुलाखतीत बोलायला.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: पाटील सुनीता रामचंद्र. तिकडच्या संगणकाला पाटील हे पहिलं नाव वाटतं आणि रामचंद्र हे आडनाव. मस्कतला माझी एक मैत्रीण सहा महिने "मिसेस रामचंद्र" होती, म्हणजे स्वतःच्या वडिलांची बायको! लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असे तिन्ही कागद एकत्र ठेवा. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच यापुढे सगळीकडे.

अनुभवाचा दाखला हा आपल्याकडचा सर्वांत कच्चा दुवा. विनाअनुदानित शाळेत काम केलेल्यांना सांगायला नको: हातात एक रक्कम, सही दुसऱ्या रकमेवर, नेमणुकीचं पत्र कधी मिळालंच नाही. माझ्या पहिल्या शाळेनं तीन वर्षांच्या कामाचा दाखला चार ओळींत दिला, त्यात विषयही नव्हता. दाखल्यावर हवं ते असं: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, कोणता विषय, कोणत्या इयत्ता, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा ई-मेल. मजकूर स्वतः टाइप करून न्या, सही पटकन होते. परदेशातून पडताळणीचा ई-मेल थेट मुख्याध्यापकांना जातो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडतो. तेव्हा सरांना आधी फोन करून सांगा आणि क्लार्कभाऊंनाही. खरं उत्तर तेच पाठवतात.

जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत असाल तर खात्याची परवानगी आणि रजेचा प्रश्न राजीनाम्याआधी सोडवा. सेवा तोडून जाणं सोपं आहे, परत जोडून घेणं नाही.

आता शिक्क्यांचं. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे, म्हणजे एका देशाने कागदावर लावलेलं प्रमाणीकरण दुसऱ्याने मान्य करायचा करार. शैक्षणिक कागदाचं आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल स्टिकर, आणि करारातल्या देशात ते चालतं. ओमान आणि बहारीन करारात आहेत, सौदी अरेबियातही २०२२ च्या डिसेंबरपासून चालतं. अमिराती आणि कुवेतसाठी मात्र जुनी लांब वाट: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर तिथलं मंत्रालय. कोणत्या देशासाठी काय, हे आधी ठरवा. नाहीतर एकाच कागदावर दोनदा पैसे जातात.

दुसरी पायरी: कोणत्या दारातून

ढोबळमानाने आपल्या लोकांसाठी तीन दारं आहेत.

आखाती देश हे सर्वांत ओळखीचं. कोकणात आणि गोव्यात असं घर क्वचित, जिथलं कुणी तिकडे नाही. तिथल्या भारतीय शाळांमध्ये सीबीएसई अभ्यासक्रम, त्यामुळे पुस्तकं तीच, शिकवण्याची पद्धतही बरीचशी तीच. बी.एड. लागतंच. पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा पुष्कळ कमी, ही गोष्ट कुणी उघड सांगत नाही. करारात घर, वर्षाकाठचं तिकीट, विमा आणि नोकरी सुटल्यावरची ग्रॅच्युइटी लिहिलेली आहे का ते बघा. "पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात जमा करा" म्हणाले तर करू नका. एजंट भारत सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतं. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणारा माणूस कितीही गोड बोलो, तो नियमाबाहेरच आहे.

अमेरिकेचं दार म्हणजे जे-वन व्हिसाचा शिक्षक विनिमय कार्यक्रम. किमान दोन वर्षांचा अनुभव, तीन वर्षांची मुदत, ती आणखी एक-दोन वर्षं वाढू शकते, आणि मग परत. हे स्थायिक व्हायचं दार नाही, हे मनाशी पक्कं असेल तरच जा. मध्ये एक प्रायोजक संस्था असते आणि तिची फी घसघशीत असते.

तिसरं इंग्लंड. त्यावर जरा जास्त लिहिते, कारण ते मला नीट माहीत आहे आणि गैरसमजही तिथलेच जास्त आहेत.

चौथी एक बाजूची वाट आहे: मुंबई-पुण्यातल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत आधी दोन-तीन वर्षं काम करायचं. घर न सोडता अनुभवावर ते नाव चढतं आणि जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांना ते ओळखीचं असतं. लहान मूल असलेल्या शिक्षिकांना मी हीच वाट सुचवते.

तिसरी पायरी: इंग्लंडचं क्यूटीएस

क्यूटीएस म्हणजे इंग्लंडमधला पात्र शिक्षकाचा दर्जा. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र झालेल्या शिक्षकांना तो थेट अर्ज करून मिळवता येतो, पण सगळ्यांना नाही. ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता हवी, आणि भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा तिथे शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषा. मराठीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाला या वाटेने जाता येत नाही. हे वाईट आहे, पण आधी कळलेलं बरं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

पदवी, शिक्षकी पात्रता, पात्र झाल्यानंतरचा किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव, शिकवायला पात्र असल्याचं आणि शिस्तभंगाची कारवाई नसल्याचं पत्र, आणि इंग्रजीची बी-टू पातळी (युरोपीय मोजपट्टीवरची, वरच्या मध्यम दर्जाची), एवढं लागतं. अर्ज ऑनलाइन आणि त्याला फी नाही. "क्यूटीएस करून देतो, पन्नास हजार" ही जाहिरात दिसली की पुढे सरका.

क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे, व्हिसा तर नव्हेच. नोकरी देणाऱ्या शाळेकडे प्रायोजकाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकार उघड प्रसिद्ध करतं, नाव शोधून बघा. प्रायोजकत्वाचा दाखला विकत मिळत नाही. विकणारा भेटला तर तो पुढे तुमचा व्हिसाच धोक्यात घालणार आहे.

चौथी पायरी: अर्ज, मुलाखत आणि परीक्षेचा तास

शाळा सप्टेंबरला सुरू होतात. तिथल्या शिक्षकांना उन्हाळ्यात सोडायचं असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, म्हणून जानेवारी ते मे हा भरतीचा मोसम. सरकारचं टीचिंग व्हेकन्सीज हे संकेतस्थळ फुकट आहे. शाळेचा तपासणी अहवाल ऑफस्टेडच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर वाचा. तिथे वर्तनाबद्दलचा भाग दोनदा वाचा.

अर्जात नोकरीतला खंड लपवू नका. बाळंतपण, आजारपण, सासऱ्यांची सेवा, जे असेल ते महिन्यांसकट लिहा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथे प्रत्येक खंडाचं कारण विचारलं जातं. मोकळी जागा संशयाची ठरते, कारण लिहिलेली नाही.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: एखादं मूल म्हणालं, "मिस, एक सांगते, पण कुणाला सांगू नका," तर काय कराल? आपलं मन म्हणतं, विश्वास संपादन करा, गुपित ठेवा. तिथे हे उत्तर दिलंत तर मुलाखत तिथेच संपली. गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहायचं आणि शाळेतल्या बालसुरक्षा प्रमुखाला त्याच दिवशी सांगायचं.

मग तास. अनोळखी मुलं, वीस-तीस मिनिटं, मागे दोन-तीन निरीक्षक. माझा ऑनलाइन झाला. मी बी.एड.च्या पाठासारखं प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन असं सगळं बसवलं होतं. पंचवीस मिनिटांतली अठरा मीच बोलले. नोकरी नाही मिळाली, पण निरीक्षकांपैकी एका बाईंनी फोन करून कारण सांगितलं: तुम्हाला गणित येतं हे आम्हाला कळलं, मुलांना काय येतं ते नाही कळलं. पुढच्या वेळी पाच मिनिटांत एक प्रश्न टाकला, सगळ्यांना उत्तर छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहून वर धरायला लावलं, आणि निम्म्या पाट्या चुकलेल्या पाहून ठरवलेलं सोडून तिथेच थांबले. ती नोकरी मिळाली.

आणखी एक. आपण "थ्री इन्टू फोर" म्हणतो तेव्हा गुणाकार असतो. तिकडच्या मुलाला "इन्टू" म्हणजे भागाकार. "थ्री अपॉन फोर" ऐकून ती नुसती बघत राहतात, तिथे "थ्री ओव्हर फोर". पहिल्या आठवड्यात माझा अख्खा वर्ग गोंधळला आणि चूक माझीच निघाली. स्वतःच्या विषयातले असे पंधरा-वीस शब्द आधीच लिहून काढा. उच्चारांचे क्लास लावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

पाचवी पायरी: पैसे, रुपयांत न गुणता

२०२४-२५ मध्ये इंग्लंडात लंडनबाहेर पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,६५० पौंड होता. हा आकडा पौंडाच्या शंभरावरच्या दराने गुणून गावी सांगू नका, नंतर निस्तरता येत नाही. त्यातून कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची कपात होते, मग घरभाडं आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी. परदेशातला अनुभव धरून वरची पगारश्रेणी द्यायची की नाही, हे शाळा ठरवते. विचारायचं ते सही करण्याआधी. मी संकोचाने विचारलं नाही आणि पहिल्या पायरीवर रुजू झाले, हा माझा सर्वांत महागडा संकोच.

निघण्याआधीचा मोठा खर्च म्हणजे आरोग्य अधिभार, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायची रक्कम. २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षं: ८,५३८ पौंड. व्हिसाची फी, क्षयरोगाची चाचणी आणि तिकिटं वेगळी. म्हणून पुष्कळ जण आधी एकटे जातात. जुन्या व्हिडिओंत १०,००० पौंडांच्या स्थलांतर मदतीबद्दल ऐकाल. ती योजना २०२३ मध्ये आली ती दोन शैक्षणिक वर्षांपुरती, तिच्यावर हिशोब बसवू नका.

सहावी पायरी: मोठ्यांना शिकवणं

शाळेत चार-पाच वर्षं काढली की बऱ्याच जणांना प्रौढांच्या प्रशिक्षणाकडे वळावंसं वाटतं. वर्तनाचे प्रश्न नाहीत, पालक नाहीत, असं वाटतं म्हणून. मी तशीच गेले.

इंग्लंडमध्ये या क्षेत्रातलं पहिलं प्रमाणपत्र म्हणजे लेव्हल ३ अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग. छोटा अभ्यासक्रम आहे, त्यात आपल्या सहाध्यायांसमोर थोडा वेळ शिकवून दाखवायचं असतं. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी केंब्रिजचं सेल्टा, म्हणजे इतर भाषिक प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र: साधारण १२० तास, त्यातले सहा तास निरीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवणं. सेल्टा भारतातूनही करता येतो आणि पुष्कळ देशांत चालतो, म्हणून ज्यांना क्यूटीएसची वाट बंद आहे त्या इंग्रजीच्या शिक्षकांनी याचा विचार जरूर करावा. शाळेच्या व्हिसावर असताना जोडकाम करायचं तर ते आठवड्याला २० तासांपर्यंत आणि ठरावीक प्रकारचंच चालतं, आधी खात्री करा.

आता वर्गातलं. पहिल्या संध्याकाळी माझ्यापुढे अकरा जण होते: वृद्धाश्रमात काम करणाऱ्या दोघी, एक बसचालक, गोदामातली मुलं, एक आजी. मी आठवीला शिकवते तशी शेकडेवारी सुरू केली. शतमान म्हणजे शंभरपैकी, व्याख्या, सूत्र, उदाहरण. दुकानात कॅशवर बसणाऱ्या एक बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या, वही मिटलेली. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "गणित मला कधी जमलंच नाही." हे वाक्य पुढे मला दर सत्रात ऐकायला मिळालं, जवळजवळ याच शब्दांत. मी विचारलं, दुकानात वीस टक्के सूट असली की पस्तीस पौंडांच्या वस्तूचं काय करता? त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "दहा टक्के साडेतीन, दुप्पट सात, अठ्ठावीस." मी फळ्यावरचं सूत्र पुसलं आणि त्यांची रीत लिहिली. बसचालकाने विचारलं, "मग साडेसतरा टक्के?" आणि वर्ग सुरू झाला.

माल्कम नोल्स या अमेरिकी अभ्यासकाने प्रौढशिक्षणाबद्दल हेच मांडलं होतं. मोठा माणूस अनुभव घेऊन येतो, त्याला आत्ता उपयोगी पडेल ते हवं असतं, आणि आपण कशासाठी शिकतोय हे त्याला आधी कळावं लागतं. पुस्तकात वाचलं होतं, पटलंही होतं, पण हात घडी घातलेली बाई भेटेपर्यंत कळलं नव्हतं. आपल्याकडे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांना पहिल्यांदा काय हवं होतं? स्वतःची सही.

काही बारीकसारीक. पहिल्या तासाला कुणालाही मोठ्याने वाचायला किंवा फळ्यावर यायला सांगू नका, शाळेतली भीती चाळीस वर्षांनंतरही ताजी असते. उशिरा येणाऱ्याला कारण विचारू नका, तो बहुधा कामाची शिफ्ट संपवून थेट आलेला असतो. पहिली दहा मिनिटं असं काम द्या जे उशिरा येणाऱ्याचं चुकलं तरी चालेल. लाल पेन घरी ठेवा. आणि "शाब्बास" जपून, तुमच्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला ते टोचू शकतं.

कंपन्यांच्या प्रशिक्षणाचं जग आणखी वेगळं. तिथे प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या किर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या सगळ्यांच्या तोंडी असतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, कंपनीला फायदा झाला का. बहुतेक ठिकाणी पहिलीच मोजतात, फीडबॅक फॉर्म भरून घेऊन. शिक्षकाला दुसरी मोजायची सवय असते, तीच तुमची तिथली जमेची बाजू. मुलाखतीत ती सांगा.

कॉलेजची संध्याकाळची कामं बहुतेक तासाच्या दराने असतात. दर ऐकायला बरा वाटतो. त्यात तयारीचा, तपासणीचा आणि सुट्टीचा मोबदला धरलेला आहे की वेगळा, सत्र रद्द झालं तर किती दिवस आधी कळवणार, आणि वर्ग भरला नाही तर काय, हे तिन्ही प्रश्न ई-मेलवर विचारा. लेखी उत्तर आल्यावर सही.